व्याह्यांची बोट बघायची नसते

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. आमच्या व्याह्यांनी बोट धाडली. घोडं परवडलं असतं, ते निदान जमिनीवर उभं राहतं.

बोटीचं खूळ आमच्या ह्यांचं. सासरची भातशेती आणि मिठागर दोन्ही विमानतळाच्या कुंपणाआड गेलं. मग पनवेलात फ्लॅट झाला, दारात गाडी आली, आणि ज्या माणसाने आयुष्यभर खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातले, त्याला साठीला टेकल्यावर पाण्याची हौस सुटली. मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईची माणसं पांढऱ्या बोटीतून उतरताना बघितली, तेव्हापासून डोक्यात तेच. मासेमारीची नको, फिरायची पाहिजे. मी नाही म्हटलं नाही. माझं माहेर खाडीकाठचं, वडिलांची होडी होती, मला पाणी आवडतं. एवढंच म्हटलं, की नवी झेपत नसेल तर जुनी घ्या, पण बघून घ्या.

जुनी बोट बघायची कशी, हे मला कुणी विचारत नाही, तरी सांगते. ट्रॉलीवर धुऊनपुसून उभी केलेली बोट बघून भुलू नये. फायबरवर रंगाचा एक हात मारला की खालचं सगळं पाप झाकतं. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती बोटांनी वाजवावी. आतलं लाकूड चांगलं असेल तर आवाज कडक येतो, कुजलं असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. इंजिनावर हात ठेवावा. ते आधीच गरम लागलं तर समजावं की तुम्ही पोचायच्या आत मालकाने चालू करून ठेवलं होतं, कारण थंड इंजिन सहजी सुरू होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तळाची झाकणं उघडून, आत हात घालून पाणी साचलंय का बघावं. शेवटी बोट पाण्यात उतरवून, मालकाला शेजारी बसवून एक फेरी मारावी. मालक बसायला कां कूं करायला लागला तर आपण घरची वाट धरावी.

हे सगळं मी ह्यांना घोकून घोकून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं. तळोज्याच्या एका माणसाची बोट त्यांनी नीट वाजवून, वाकून बघितली आणि नाकारली, तेव्हा मला त्यांचं कौतुकसुद्धा वाटलं होतं. पण मग एका हळदीच्या मांडवात आमचे व्याही भेटले.

व्याही उरणकडचे. आमची एकुलती लेक त्यांच्या घरी दिलेली. त्यांनी फार्महाऊसवरच्या पाहुण्यांना फिरवायला एक बोट घेतली होती. पाहुणे यायचे थांबले, बोट तशीच राहिली. ह्यांचा बोटीचा शोध त्यांच्या कानावर गेला होता. घरात बोट असताना परक्याच्या दारात कशाला जाता, म्हणाले. झालं, आमचे हे तिथल्या तिथे विरघळले.

बघायला गेलो तेव्हा बोट आंब्याखाली ट्रॉलीवर होती, नाकाला झेंडूचा हार. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, आग्रहावर आग्रह. पोट भरल्यावर बोटीभोवती एक प्रदक्षिणा झाली. देवळात घालतात तशी, हात न लावता. मी मागे गेले आणि त्या फळीकडे बोटं नेली, तेवढ्यात व्याही हसत म्हणाले, "विहीणबाई, घरचीच बोट हाय. आमच्यावर भरवसा नाय का?"

आता ह्या एका वाक्याला आमच्यात उत्तर नाही. कोर्टात असेल, आमच्यात नाही. लेक ज्या घरात दिली त्या घरची वस्तू तपासायची म्हणजे त्या घराला खोटं ठरवायचं. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, विहिणीने मला आत चहाबरोबरचे पापड तळायला हाक मारली, आणि मी गेले. आतून खिडकीतून दिसत होतं. हे व्याह्यांच्या पाठीवर थाप मारत होते. इंजिनाचं झाकण उघडलं नाही, तळात हात घातला नाही, पाण्यात फेरी तर दूरच. ज्याने परक्याची बोट वाजवून बघितली, त्याने सोयऱ्याची नुसती ओवाळायची बाकी ठेवली होती.

मला राग आला तो बोटीचा नव्हे. हीच माणसं आमच्या दिवाणखान्यात बसली होती, पोर बघायला. तिला दारापर्यंत चालून परत यायला लावलं होतं. उंची कळावी म्हणून नणदेच्या शेजारी उभी केली होती. चष्मा काढून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं होतं. माझी इंजिनिअर झालेली मुलगी, आणि तिने कॅलेंडरवरची अंगारकी वाचून दाखवली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की भरवसा नाही का. तेव्हा सगळे हसत होते, आम्हीसुद्धा चहा पुढे करत होतो. जितं माणूस चालवून, वाचायला लावून बघायचं तो रिवाज, आणि इंजिनाचं झाकण उघडायचं तो अपमान. असला रिवाज कुणी काढला त्याला एकदा भर ओहोटीत खाडीत सोडायला पाहिजे.

परतताना गाडीत मी हेच बोलले, जरा जास्तच मोठ्याने. ह्यांचं उत्तर एकच होतं. "पोरीला तिथं राहायचं हाय." म्हणजे बोटीत खोट काढली तर उद्या टोमणे लेकीला बसणार. मला ते पटत नव्हतं, आणि खोडूनही काढता येत नव्हतं. पनवेल जवळ येईपर्यंत मी भांडले, मग खिडकीबाहेर बघत बसले.

बोट आली. उलव्याच्या बाजूला खाडीवर एक धक्का आहे, तिथे व्याह्यांचा माणूस ती ट्रॉलीवरून घेऊन आला, पाण्यात उतरवली आणि इंजिन चालूच ठेवून आमच्या हातात देऊन निघून गेला. लेक नेमकी चार दिवस माहेरपणाला आली होती. घरात नवी वस्तू आली की पहिला मान लेकीचा, ही आमची रीत. तिने बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि ह्यांनी तिला हात धरून पुढच्या गादीवर बसवलं. मग मी, मग हे. ह्यांनी काळा चष्मा लावला होता. मी लाइफ जॅकेट मागितलं तर गादीखालून दोन निघाली, दोन्हींचे पट्टे तुटलेले. एक मी लेकीच्या अंगाला ओढणीने बांधलं. ती हसली, मी हसले नाही.

भरतीचं पाणी होतं तोवर बोट छान चालली. डोक्यावरून विमानं उतरत होती. हे हात लांब करून दाखवत होते, की ते तिथे, भिंतीपलीकडे, आपलं मिठागर होतं. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला स्वतःच्या कुरकुरीची लाज वाटायला लागली. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि ते बंद पडलं. हे इंजिन सुरू करायची दोरी ओढत राहिले, ते नुसतं खोकत राहिलं. आणि शांतता झाली तेव्हा लेक म्हणाली, आई, पायाशी पाणी आहे.

मागची फळी इंजिनाच्या वजनाने चिरली होती. रंगाखालचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं बाहेर येत होतं. मी पदराचा बोळा करून चिरेत कोंबला, लेक पूजेच्या तांब्याने पाणी उपसायला लागली. ओहोटी लागली होती आणि बोट मधल्या धारेकडे ओढली जात होती. ह्यांना पोहता येत नाही. हे मला लग्नापासून ठाऊक आहे, पण त्या क्षणापर्यंत मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे किंवा इंजिनाकडे बघत नव्हते, लेकीच्या अंगावरच्या त्या ओढणीच्या गाठीकडे बघत होते.

जाळी काढून परतणारी एक होडी आमच्या ओरडण्याने वळली. त्यांनी दोर टाकला, आम्हाला त्यांच्या होडीत घेतलं आणि आमची बोट अर्धी बुडालेली ओढत धक्क्याला आणली. शिव्या घातल्या त्याही योग्यच घातल्या. आम्ही तिघं धक्क्यावर चिखलाने माखलेले बसलो.

आणि मग ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस व्याह्यांच्या नावाने बोंब मारील. ते म्हणाले, कुणाला काय बोलायचं नाय, आपण गुपचूप दुरुस्त करून घेऊ, व्याह्यांना कळलं तर वाईट वाटंल. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच लिहिते, की माझ्या तोंडून ह्यांचा एकेरी उल्लेख पहिल्यांदा निघाला. तरी ते आपलं तेच म्हणत राहिले, की पोरीला तिथं राहायचं हाय.

लेक ओढणीची गाठ सोडवत होती. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. गाठीवरून नजर न काढता ती म्हणाली, "बाबा, माझं तिथे वाईट होऊ नये म्हणून तुम्ही बोट तपासली नाही. आणि त्याच बोटीत मला सगळ्यांत आधी बसवलंत."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती शांत होती. ह्यांचा चेहरा पडला. मलाही ते लागलं, कारण पापड तळायला मीच उठून गेले होते.

गाठ सुटेना, तेव्हा तिने जॅकेट तसंच अंगावर राहू दिलं आणि माझ्या पर्समधून माझा फोन काढला. सासऱ्यांना ती पप्पा म्हणते. हे नको नको म्हणत उठले, तोवर तिकडे फोन उचललाही गेला होता. बोट परत पाठवतेय, असं तिने त्यांना सांगितलं. मागची फळी कुजलेली आहे, इंजिन तापून बंद पडतं, आज आम्ही तिघं बुडणार होतो. तिने कुठलाही शब्द मोठा केला नाही, पण कुठला खालीही घेतला नाही.

मग व्याह्यांचा आवाज आला, मला शेजारी बसून स्वच्छ ऐकू आला. "तुज्या बापाला दे फोन."

ह्यांनी सवयीने हात पुढे केला. लेकीने त्या हाताकडे बघितलं आणि फोन दिला नाही.

"माझ्याशीच बोला, पप्पा," ती म्हणाली. "बोटीत मी होते."