डोळे मिटून बसा

उस्मानपुऱ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब मी टाकतो. थेंब टाकले की पेशंटला अर्धा तास डोळे मिटून बसावं लागतं. समोर कोण आहे हे दिसेनासं झालं की माणूस मोकळं बोलतो. मी फारसा शिकलो नाही, पण ऐकलं पुष्कळ. त्यात डोकं दुखतं म्हणून येणाऱ्यांचं जास्त.

लासूर स्टेशनकडचे एक मेंढरंवाले बाबा आले होते. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "बाबा, डोकं कुठं दुखतं?"

"रानात," बाबा म्हणाले. "घरी नाय दुखत."

चिकलठाण्याच्या कंपनीतला एक पोरगा होता. चष्मा लागलेला, पण लावायचा नाही, म्हणून डोकं धरून यायचा. म्हणायचा, "मामा, पोरगी बघायला जायचंय. तेवढं होऊ द्या, मग लावतो."

पुढच्या खेपेला मी विचारलं, "कशी होती रे पोरगी?"

"दिसली नाय नीट. पण आवाज लई गोड होता."

लग्न झालं त्याचं. आता चष्मा लावतो.

एका रिटायर मास्तरांची बायको वारली, तेव्हापासून ते डोकं दुखतं म्हणून येऊ लागले. मी विचारलं, "आधी दुखत नव्हतं का?"

मास्तर म्हणाले, "दुखायचं. पण तेव्हा घरात विचारणारं होतं कुणीतरी."



आणि एक सून. डोकं दुखतं म्हणून तिला दोनदा तपासलं होतं. डोळे स्वच्छ, नंबर नाही. तरी ती पुन्हा आली, आणि या खेपेला सासूबाई सोबत होत्या.

"आज काय ते एकदाचं बघून टाका," सासूबाई म्हणाल्या. "परत नाय आणायची मी हिला."

थेंब टाकताना सून हळूच म्हणाली, "मामा, जरा जास्त वेळ लागू द्या. घरी डोळे मिटायला मिळत नाय."

भिंतीला डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.

"झालं का हिचं?" सासूबाईंनी विचारलं.

मी बॅटरी घेऊन जवळ गेलो. पापणीला हात न लावताच म्हणालो, "बाहुली अजून उघडली नाही."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं.

मग त्यांनी विचारलं नाही. झोपलेल्या सुनेच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तिचा घसरलेला पदर सारखा केला. शेजारच्या खुर्चीत बसल्या, मान मागं टेकवली आणि मला म्हणाल्या,

"माझ्याबी डोळ्यात टाका दोन थेंब. माझंबी लई वर्षांपासून दुखतंय."