वसुधाकाकूंचे उंदीर

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या वसुधाकाकू नवऱ्याच्या व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसून कंटाळल्या होत्या. २००४ साली ग्रीन कार्ड आलं आणि काकूंनी जवळच्याच एका लॅबमध्ये नोकरी धरली.

तिथे उंदरांचा मज्जारज्जू कापून त्या फटीत मऊ, स्पंजसारखी नळी बसवत. वेलाने मांडव धरावा तसे तुटलेले मज्जातंतू ती नळी धरून पलीकडे वाढतील, ही आशा. पण अशा उंदरांचे मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी अडते. ती रोज पोट दाबून काढावी लागते. ते काम काकूंचं.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मैत्रीण रेखाने विचारलंच, "काकू, लॅबमध्ये नक्की काय करता?"

"उंदरांना शू करवते."

"अगं बाई! गणपतीच्या वाहनाला?"

"वाहन आहे, तर सर्व्हिसिंग नको?"

त्या दिवशी काकूंचे मोदक कोणी खाल्ले नाहीत. काकूंच्या नवऱ्याने, मोरेश्वररावांनी, ते घरी आठवडाभर मुकाट्याने संपवले.

लॅबमध्ये उंदरांना नुसते नंबर असत. काकूंनी त्यांना सासरच्या मंडळींची नावं दिली. सगळ्यात जाड आणि चावरा, तो नानाभावजी. एका सकाळी पोट दाबताना त्याने काकूंना मागच्या पायाने चक्क ढकललं.

"विवेक, ह्याने लाथ मारली मला!"

विवेक नागपूरचा, त्या प्रयोगाचा प्रमुख. तो धावत आला. नानाभावजी दोन पावलं चालले. विवेकच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणीतरी केक आणला. तुलनेसाठी काही उंदरांना नळी बसवतच नसत; कोणाला बसवली होती त्याची तोवर मुद्दाम बंद ठेवलेली यादी मग उघडली. नानाभावजींना नळी बसवलेलीच नव्हती.

"कट उथळ पडला असणार," विवेक खुर्चीत कोसळला. "काकू, हा आपोआप बरा झाला. सगळं वाया!"

"बरा झाला ना? मग रडतोस काय?"

पण काकूही पुढे रडल्याच. प्रयोग संपला की उंदरांना मारून मज्जारज्जू तपासायचा, हा नियम. "ह्याला तरी सोड," त्या म्हणाल्या. विवेक म्हणाला, "ह्यालाच तर तपासायला हवं."

संध्याकाळी काकू डोळे पुसत घरी आल्या.

"कोण गेलं?" मोरेश्वररावांनी घाबरून विचारलं.

"नानाभावजी."

मोरेश्वररावांनी तातडीने सांगलीला फोन लावला. नानांनी स्वतःच उचलला आणि इतक्या पहाटे झोपमोड केल्याबद्दल धाकट्या भावाला यथेच्छ शिव्या घातल्या. रडता रडता काकूंना हसू फुटलं, आणि मग ते आवरेना.

महिन्याभराने विवेकने त्यांना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. नळी बसवलेल्या उंदरांमध्ये रंगाने हिरवे केलेले बारीक मज्जातंतू आत शिरलेले दिसत होते.

"पोचले पलीकडे?"

"नाही. अर्ध्यात अडकले. का, ते कळत नाही."

काकूंनी पुन्हा डोळा लावला.

"शिरले तरी," त्या म्हणाल्या. "नवे उंदीर कधी येतायत?"

"सोमवारी."

ग्रँट संपेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, काकूंनी ते काम केलं. कुठलाच तंतू पलीकडे पोचला नाही. एकदा मात्र एक अगदी काठापर्यंत गेला होता, आणि त्या दिवशी विवेकने काकूंच्या डब्यातले मोदक, हातसुद्धा न धुता, सगळे संपवले.