डार्क मॅटरवरचं माझं भाषण

“ए, तू पडद्यामागं उभी राहा. पाहुण्यांच्या फोटोत राखाडी कपडे नकोत.”

एचआरच्या मॅडम एवढंच म्हणाल्या आणि पुढं गेल्या. राखाडी म्हणजे आम्ही, ठेक्यावरचे. पर्मनंट लोकांचा गणवेश निळा. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत माणूस कपड्यावरून ओळखतात, चेहरा बघायची गरज पडत नाही.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये विज्ञान दिन होता. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलेली. लातूरहून इथं आले आणि वायरिंगच्या लाइनवर लागले. मॅडमनी आठ दिवस मागं लागून माझ्याकडून डार्क मॅटरवर भाषण लिहून घेतलं होतं. वाचणार मात्र निळ्या गणवेशातले इंजिनिअर साहेब.

साहेब छान वाचत होते. विश्व नुकतंच जन्मलेलं, भट्टीसारखं तापलेलं. साधं द्रव्य एकत्र यायला बघायचं, पण प्रकाशाचा रेटा त्याला पुन्हा पांगवायचा. डार्क मॅटरला प्रकाशाचं सोयरसुतक नाही. ते गुरुत्वानं आधीच गोळा होत गेलं. विश्व निवल्यावर साधा वायू त्याच्या ओढीनं तिथं उतरला, आणि त्यातून तारे झाले, दीर्घिका झाल्या. माझं एकेक वाक्य मला पडद्याआडून ऐकू येत होतं. माझं नाव कुठंच आलं नाही.

शेवटी साहेबांनी पदरचं एक घातलं. “आपले कंत्राटी कामगार म्हणजे आपलं डार्क मॅटर. दिसत नाहीत, पण कंपनी त्यांच्यावरच उभी आहे!”

टाळ्या. मीही वाजवल्या. हात आपसूक वाजले. त्याची लाज मला अजून वाटते.

मग डोकं सणकलं. मी पडदा बाजूला सारला. माझ्याच लाइनवरच्या सुमनताईंनी दंड धरला. “गप ऱ्हा की गं. उद्या गेटपास काढून घेतेत बघ.”

मी दंड सोडवला.

“साहेब, डार्क मॅटरवर कितीही प्रकाश टाका, ते दिसत नाही. तो त्याचा गुण आहे. आम्ही दिसतो. म्हणून तर मॅडमनी आम्हाला पडद्यामागं उभं केलंय. आणि हे भाषण मी लिहिलंय.”

साहेबांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मॅडम म्हणाल्या, “चला, चहा घ्या सगळ्यांनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर गेटवरच उभा. कोरा कागद पुढं केला. “साहेबांची माफी लिहून दे अन् जा आत. कशाला डोक्याला ताप?”

काम गेलं तर गावी परत जायचं. गावी माझं लग्न ठरवायला सगळे टपलेले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? तरी लिहिलं: भाषण माझं होतं. मी बोलले ते खरं होतं. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

त्यानं वाचलं आणि माझा पास काढून घेतला.

मी गावी गेले नाही. दुसरं काम शोधतेय. मिळेल तिथं पुन्हा राखाडी कपडे घालीन. पण माझं लिहिलेलं दुसऱ्याला वाचू देणार नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून पडद्यामागं जाणार नाही.