अक्कांची बाराशे स्थळं आणि योगराजचं एक खातं

पिंप्राळ्याच्या योगराजला मी 'डॉक्टर' म्हणायचो. तो चिडायचा, आणि चिडला की चहा पाजायचा, म्हणून मी म्हणतच राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी स्कूटरच्या डिकीत सीडींची चळत घेऊन तो जामनेर, पहूर करायचा. कॉम्प्युटर बंद पडला की नवी विंडोज 'मारून' द्यायचा. ती चालू करायला सगळ्यांना एकच चोरीचा नंबर, आणि तो नंबर त्याला स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्का पाठ. हे त्याची बायको डिंपलच गल्लीभर सांगायची.

मग धंद्याची तऱ्हा फिरली. विंडोज मशीनबरोबरच येऊ लागली, सीडी कोणी विचारेना. कंपन्यांना आता माल विकण्यापेक्षा गिऱ्हाईक बांधून ठेवायचं होतं. मेल आणि मोबाइल देऊन खातं उघडल्याशिवाय नवं मशीन पुढे सरकेना. खेड्यात मेल कुणाकडे? योगराजने प्रत्येक मशीन स्वतःच्याच खात्यावर चढवलं. लोक खूष आणि हाही खूष, कारण पासवर्डसाठी अख्खा तालुका याच्या दारात.

त्यातल्याच पहूरच्या सुलक्षणा अक्का. माहेर धुळ्याकडचं, काम लग्नं जुळवायचं. बाराशे स्थळं त्यांच्या लॅपटॉपात. कोणाचं शेत किती, कोणी कोणाला का नाकारलं, सगळं. कोणाचं कुठे जुळतंय या बातमीच्या ओढीने मीही अक्कांची पिशवी उचलत असे. जुन्या वह्या योगराजनेच रद्दीत घालायला लावल्या होत्या. म्हणे, कागदाला वाळवी लागते.

यंदा मे महिन्यात त्या लॅपटॉपचा बोर्ड जळाला. योगराजने नवा बसवला, तर निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली. नव्या मशीनमधली माहिती आपोआप कुलुपात जाते आणि किल्ली खात्यात राहते, हे त्याला त्या दिवशी कळलं. खातं उघडायला गेला, तर कोड गेला जुन्या मोबाइल नंबरवर. रिचार्ज महागला म्हणून ते सिम त्याने कधीच टाकून दिलेलं. कंपनीला दोनदा अर्ज केला. खातं तुमचंच असल्याचं सिद्ध होत नाही, एवढंच उत्तर आलं.

तीन आठवडे अक्का बसने येत राहिल्या. मी चेष्टेत म्हणालो, "अक्का, आता निम्म्या खान्देशाची पोरं बिनलग्नाची राहतात." कोणी हसलं नाही.

"बठ्ठं, बाराशेच्या बाराशे, गयं का रे?" त्यांनी योगराजला विचारलं.

"पुसून नवं टाकावं लागेल, अक्का."

"मंग पुशी टाक. मी आठेच बसस," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं.

पाऊण तास त्या पडद्याकडे बघत होत्या. मशीन उठलं आणि त्याने आधी मेल विचारला. योगराजचा हात थांबला. "खातं तुमच्या नावानं उघडू?"

"काय ठेवू त्यात?" अक्का उठल्या. पिशवी उचलली, लॅपटॉप तिथेच राहिला.

त्याच खात्यावर अजून चौतीस मशीन आहेत. योगराज रोज एकेका गावी जाऊन सांगतो, चालू आहे तोवर माहिती काढून घ्या, स्वतःच्या नावावर करा. परवा जामनेरच्या अभिमन वकिलाने विचारलं, "म्हणजे आता तुझ्याकडे यायचं कामच नाही?"

"नाही भाऊ," योगराज म्हणाला, आणि स्कूटरला किक मारली.