तलावातली टेकडी आणि कौसाबाई

कौसाबाई कुणाच्याही घरी गेली, की आधी दारातल्या झाडाकडे बघायची. बोरीचा खालचा पाला शाबूत दिसला, की म्हणायची, "शेळी न्हाई व्हय घरात? कसं करमतं तुम्हाला?" ही आमची शेजारीण. तिच्या सासरच्यांनी मेंढ्या सोडून शेती धरली होती; तिची नजर मात्र कळपामागेच चालायची.

हसनाबादजवळच्या आपल्या गावच्या तलावात एक टेकडी आहे. चारी बाजूंनी पाणी, वर देवाचं ठाणं. नवस फेडायचा तर तराफ्यावरून एक बोकड नेऊन तिथे सोडायचा. देवाला सोडलेलं जनावर कुणी मारायचं नाही, परत आणायचं नाही, अशी रीत. एकेकटे सोडलेले ते बोकड आज ना उद्या मरून जायचे.

कौसाबाईचा मुलगा ज्ञानोबा काविळीतून उठला, तेव्हा नवस फेडायला तिने बोकडाबरोबर चार गाभण शेळ्या नेल्या. लोक हसले. ती म्हणाली, "एकट्याला सोडणं म्हंजी फेकणंच की!"

बाळांनो, बाहेरून आणलेली जनावरं एका बेटावर तगतात आणि दुसऱ्यावर का मरतात, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. कौसाबाई सांगायची, "बराबर जोडी पाह्यजे, खायाला पाला पाह्यजे, अन् मागं लांडगा नको." टेकडीवर हे सगळं होतं. कळप वाढत गेला. गावाने तिचं कौतुक केलं.

मग टेकडी बोडकी होऊ लागली. आधी झुडपं गेली, मग झाडांच्या साली. पावसात माती ओघळून पाणी गढूळ व्हायचं. निम्म्या शेळ्या इकडे आणू या, असं कौसाबाईने सरपंचांना विनवलं.

"मावशे, देवाला दिलेलं परत मागती? पोराच्या जिवावर उठली का?"

पोराचं नाव निघताच ती माघारी फिरली. त्या वर्षी पाऊस झाला नाही.

"पाणी हटून राह्यलं, बाई," ती मला म्हणायची. "लांडग्याला वाट व्हऊन राह्यली." तराफ्यावर चारा घेऊन ती तिकडे जायची, पण तिथेच जन्मलेल्या त्या शेळ्यांना माणूस ठाऊक नव्हता. तिला बघताच त्या कड्यावर पळायच्या.

एका सकाळी काठापासून टेकडीपर्यंत चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. त्यावर लांडग्यांची पावलं होती, सगळी तिकडे जाणारी. टेकडीवरून काहीच आवाज येत नव्हता. कौसाबाई काठी घेऊन चिखलात उतरली. ज्ञानोबा आणि मी काठावर उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ती परतली. पदरात वाचलेलं एकच करडू थरथरत होतं.

ज्ञानोबा मागे सरला. "आई, नको. देवाचं हाय."

"धर म्हणते ना! देवाला काय घ्यायचं ते माझ्याकडून घेऊ दे."

त्याने करडू धरलं. तिचे हात मात्र बराच वेळ तसेच पुढे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने पडली. देवाने बराबर वसूल केलं, असं गाव कुजबुजत होतं. ज्ञानोबा उशाशी बसलेला असायचा. तिचं अंग तापाने फणफणलेलं. हात लांबवून त्याचं कपाळ चाचपायची. गार लागलं, की डोळे मिटायची. एका दुपारी ते मिटलेलेच राहिले. हात त्याच्या कपाळावरच होता.