बंद करण्याआधी पेट्रोल

हरिश्चंद्रतात्यांनी त्या पंधरवड्यात चौथ्यांदा दोन प्लग माझ्या काउंटरवर आपटले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"नित्या, मेल्या, तुज्या प्लगात जीव नाय!"

होडीच्या मागे लावतात त्या मशीनच्या सुट्या भागांचं माझं मिरकरवाडा बंदरात दुकान आहे. समोर मासळीच्या लिलावाचा ओरडा चालू, बर्फाच्या गाड्या दारात आडव्या, आणि त्यात हे. मी प्लग तपासले. ठिणगी निळीशार पडत होती.

"प्लगला काही धाड भरलेली नाही," मी म्हणालो.

"मग मशीन का चालू व्हत नाय?"

"ते मला इथे बसून काय कळणार? मशीन घेऊन या."

"माजा मशीन मी कोणाच्या हातात देत नाय. तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. तात्या जवळच्याच काळबादेवी गावचे. वय चौसष्ट, आवाज मात्र पंचविशीतला. स्वतःची छोटी होडी, स्वतःचं जाळं, आणि समुद्रावर एकटेच, कारण त्यांच्या होडीत दुसरा माणूस टिकत नाही. धोंडू तीन आठवडे टिकला, तोच विक्रम. मग तो ट्रॉलरवर गेला. म्हणाला, तिथला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तोही शिव्या देतो, पण जेवायला तरी थांबतो.

पण मशीनमधलं ज्ञान विचाराल तर तात्यांसारखा माणूस मी पाहिला नाही. मला हा धंदा त्यांनीच शिकवला, टपल्या मारून. त्यातली सगळ्यात जास्त टपल्यांची गोष्ट अशी. आमच्याकडची जुनी मशीन पेट्रोलवर सुरू करतात, तापली की इंधनाचा कॉक फिरवून रॉकेलवर घेतात. परतताना किनारा जवळ आला की कॉक पुन्हा पेट्रोलवर आणायचा, पाच मिनिटं चालू द्यायचं, मग बंद. तसं नाही केलं तर कार्बोरेटरात रॉकेल साचून राहतं, आणि थंड मशीन रॉकेलवर पेट घेत नाही. दोरी ओढून खांदा निखळेल, मशीन हूं की चूं करणार नाही. "बंद करण्याआधी पेट्रोल!" हे तात्या किनाऱ्याच्या पुळणीवरून दुसऱ्यांच्या होड्यांनासुद्धा ओरडून सांगायचे. एकदा कुणी ऐकलं नाही म्हणून कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्याला झापून आले होते.

त्यामुळे तो विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलली, पंपाचं रबर बदललं. तात्यांनी कार्बोरेटर खोलून धुतला, तर दुसऱ्या दिवशी मशीन पहिल्या ओढीला सुरू. मी सुटलो म्हणून चहा मागवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेलं. कधी सलग दोन दिवस चालायचं, मग तीन दिवस दगड. सरळ बिघडलेलं मशीन परवडलं, हे असलं अधूनमधून शहाणं होणारं नको. मी इतका वैतागलो होतो की त्या दिवशी ते प्लग मी गटारात भिरकावले आणि तात्यांना म्हणालो, "आता मशीन नाही, तुम्हीच जुने झालात!"

तात्या एकही शिवी न देता निघून गेले, याचंच मला नंतर वाईट वाटत राहिलं.

शनिवारी धोंडूनं सांगितलं की तात्यांचं मशीन आदल्या दिवशी भर समुद्रात सुरूच झालं नाही. जाळं टाकायला बंद केलं, तासाभराने दोरी ओढतात तर थंड. वारा कातळाकडे. चौसष्ट वर्षांचा माणूस तीन तास वल्हं मारत आला.

रविवारी सकाळी मी हत्यारांची पेटी घेऊन काळबादेवी गाठली. तात्या समुद्रात होते. पुळणीवर त्यांची बायको, मालनकाकी, टोपली घेऊन बसली होती. काकी माहेरची संगमेश्वरची. नदीकाठची, पण समुद्राचं आणि तिचं कधी जमलं नाही. तरीच्या होडीतून खाडीपलीकडे जायचं म्हटलं तरी तिला मळमळतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, नवऱ्याच्या होडीत ती एकदाही बसली नव्हती.

"नितेश, बस," ती म्हणाली. "आता आवाज ऐक."

लांबून मशीनचा आवाज येत होता, जड, घोगरा, रॉकेलवरचा. होडी खाडीच्या तोंडाशी आली. खडकाजवळून वळली. आवाज तसाच. पुळणीला लागली, आवाज तसाच, आणि एकदम बंद.

"बदलला?" काकीनं विचारलं.

आवाज बदलला नव्हता. पेट्रोलवर घेतलं की तो हलका होतो, धूर जातो, लहान पोरालाही कळतं.

"मशीन घेतल्यापासून बावीस वरसं मी त्या आवाजावर भाताचा पाणी चुलीवर ठेवते," काकी म्हणाली. "आवाज बदलला की हे आले. आता आठ दिवसात पाच वेळा बदलला नाय. हे इसरतात, नितेश."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"माज्या तोंडून ऐकलान तर त्या मानसाचा काय उरल?"

म्हणजे सांगायचं मी. मी, ज्यानं चार दिवसांपूर्वी त्यांना जुनं म्हटलं होतं.

तात्या होडीतून उतरले आणि मला बघून म्हणाले, "आलास? बघ तुजे प्लग!" मी प्लग काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी वास घेतला. रॉकेल. चेहरा लाल झाला.

"कोणी हात लावलान माज्या मशीनला?"

"कोणी नाही, तात्या. कॉक बघा."

कॉक रॉकेलवर होता. त्यांनी आधी कॉककडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. मग जो काही तोंडाचा पट्टा सुटला तो मी इथे लिहीत नाही. मी चोर, माझा कॉक नकली, माझं दुकान लुटारूंचं. मीही गप्प बसलो नाही. "उद्या कॉक विसराल, परवा नांगर विसराल, तेरवा घर कुठल्या बाजूला ते विसराल!" असं मी तोंडावर बोललो. राग खरा होता, पण भीतीनं जास्त बोललो.

तात्या होडीच्या काठावर बसले. "मी सांगायचो सगळ्यांना," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, कॉकशेजारी लाल रंगानं लिहून देतो. "मी काय येडा हाय?" म्हटलं, माणूस घ्या सोबतीला. "कोण येनार?" म्हटलं, मग होडी विका. ते उठले, मशीनवर गोणपाट टाकलं, आणि घराकडे चालू लागले. काकी रिकामी टोपली घेऊन मागोमाग गेली.

त्यानंतर पाच दिवस तात्या दुकानात आले नाहीत. आले की नकोसे व्हायचे, आणि आता प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मागे मी त्यांना शोधत होतो. सहाव्या दिवशी दुकान बंद ठेवून काळबादेवीला गेलो. घराला कुलूप. पुळणीवर काकीही नाही. मी पाण्याच्या कडेला उभा राहिलो.

मग आवाज आला. जड, घोगरा. होडी खाडीच्या तोंडाशी आली. खडकाजवळ आली, आणि आवाज एकदम हलका झाला. होडी जवळ आली तेव्हा दिसलं की तीत दोन माणसं आहेत.

पुढच्या टोकाला मालनकाकी बसली होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला, दोन्ही हातांनी होडीचे काठ धरलेले, डोळे मिटलेले, चेहरा पांढराफटक. तात्यांनी पाच मिनिटं पेट्रोलवर चालवलं, मग मशीन बंद केलं. काकी कशीबशी उतरली, चार पावलं गेली आणि वाळूत ओकली. खाऱ्या पाण्यानं तोंड धुतलं.

"माज्या ध्यानात व्हता," तात्या मला म्हणाले. "हिला सांग."

"व्हता," काकी म्हणाली. "खडकाजवळ मी हात वर केल्यावर. उद्या पन येनार मी."

तात्यांनी होडीतून जाळं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. दोन पावलं गेले, थांबले, आणि नेहमीच्या त्याच खेकसणाऱ्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"नित्या, बंदरावर उलटीच्या गोळ्या मिळतात काय रे? मे संपून होड्या वर काढेपर्यंत पुरतील एवड्या आन."