लोड झालं का पूर्ण?

आमच्या सरांना मोकळी जागा बघवत नसे. रिकामी खुर्ची दिसली की ते तिच्यावर पिशवी ठेवत, रिकामी भिंत दिसली की कॅलेंडर लावत आणि रिकामा विद्यार्थी दिसला की त्याला गणित घालत. त्यांच्या शर्टाच्या खिशात इतकी पेनं असत की खिशाला पेनं लावली आहेत की पेनांना खिसा, हे सांगणं अवघड होतं. फळा भरला की सर फळ्याच्या लाकडी चौकटीवर लिहीत, आणि चौकटही संपली की शेजारच्या भिंतीवर. हॉल भाड्याचा होता. घरमालक कपाळावर हात मारून दर उन्हाळ्यात भिंतीला रंग देई आणि सर जूनमध्ये त्या भिंतीकडे बघून म्हणत, "चला, नवा फळा मिळाला." लातुरात क्लासेसच्या सरांची वानवा नाही. त्यामुळे कुणाला आद्याक्षरांनी ओळखतात, कुणाला विषयानं. आमच्या सरांचं बारसं मात्र फार पूर्वीच्या कुठल्यातरी बॅचनं करून ठेवलं होतं. भरगच्च सर.

मी मूळची नांदेडच्याही पलीकडच्या हिमायतनगरची. आमच्याकडं जी मुलं हुशार समजली जातात, त्यांना दहावीनंतर लातूरला पाठवतात. तशी मीही एक पेटी, एक गादी आणि "आता डॉक्टर होऊनच ये" हा आशीर्वाद घेऊन आले. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "काय करायलीस गं मागं बसून?" मी आमच्या बोलीत म्हटलं, "सर, लिहून राहिले." अख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "राहिले म्हणतीस म्हंजे उरलीस का? लिहायले म्हण. इथं उरायला कुणी येत न्हाई." मग मी लातूरचं बोलायला शिकले, आणि डॉक्टरकीच्या यादीतून शेवटी उरलेच.

त्यात सरांच्या तत्त्वज्ञानाचा वाटा मोठा होता. सर जुन्या बोर्डाच्या परीक्षेत घडलेले. "पेपरात मोकळं सोडायचं न्हाई. उत्तर येत न्हाई तर आकृती काढा. आकृती येत न्हाई तर प्रश्नच सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवा. तपासणाराबी लेकराबाळांचाच माणूस हाय. भरलेलं पान बघून त्याचा हात आखडत न्हाई." बोर्डात हे अगदी खरं होतं आणि त्या जोरावर तालुकेच्या तालुके पास झाले होते. पण डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचा पेपर तपासतं मशीन, त्याला लेकरंबाळं नसतात, आणि चुकलेल्या उत्तराला ते गुण कापतं. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पटलेलं नव्हतं. "मायनस मार्किंग ही भित्र्यांची सोय हाय," ते गरजत. "समोर चार गोल दिलेत. त्यातला एक तरी काळा करायची हिंमत ठेवा!" आम्ही श्रद्धेनं सगळीकडे हिंमत केली. निकालात मी कमावलेले आणि मशीननं कापलेले गुण अगदी गळ्यात गळे घालून आले. सर त्या दिवशी मला म्हणाले, "पेपर तर पूर्ण भरला होतास ना? मग झालं." त्यांच्या दृष्टीनं मी माझं काम केलं होतं. चूक मशीनची होती.

मग मी लातुरातच संगणकाच्या पदवीला प्रवेश घेतला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकले आणि मैत्रिणीच्या बहिणीच्या ब्यूटी पार्लरची एक पानाची वेबसाइट करून टाकली. तिच्यात फोन नंबर चुकला होता. तरीही माझी ख्याती पसरली, कारण लातुरात काय पसरायचं आणि काय नाही, हे कुणाच्या हातात नसतं. एक दिवस सरांचा फोन आला. "तुला ते वेबसाइटचं येतंय म्हणे. ये."

मी गेले तेव्हा हॉल पहिल्यांदाच मोठा वाटला. समोरच्या बाजूला काचेच्या इमारतीत नवा क्लास आला होता. त्याला लिफ्ट होती, एसी होता आणि पालकांना बसायला सोफा होता. फिजिक्स कसं शिकवतात ते कुणी विचारत नव्हतं. लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते, ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. सरांची मुलं एकेक करून रस्ता ओलांडत होती. शेवटच्या बाकांवर सरांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. मी त्या गठ्ठ्यांकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "आजकाल पालक आधी मोबाइलवर बघतंय, मग लेकरू आणतंय," ते फळा पुसत म्हणाले. "आपली वेबसाइट पाहिजे. जूनला बॅच भरली न्हाई तर हा हॉल सोडावा लागतोय बघ." सरांना फळा पुसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी जीव ओतून काम केलं. व्हिडिओतले सगळे तज्ज्ञ सांगत होते की पान मोकळं ठेवा, डोळ्याला विसावा द्या. मी पांढरंशुभ्र पान केलं. मध्ये सरांचा एक फोटो, खाली एक ओळ, 'फिजिक्स समजून घ्या', आणि त्याखाली फोन नंबर. या वेळी बरोबर. सरांच्या घरी जाऊन लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा लावला, हात जोडले आणि बघत बसले. मीही बसले. बराच वेळ गेला. सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, चहा आणला. त्यांच्या घरी कपात भरलेला चहा बशीतही उतरलेला असे, तसाच तोही होता. सर बघतच होते.

शेवटी मी विचारलं, "सर, कसं वाटलं?"

"येऊ दे की पूर्ण," सर म्हणाले. "नेट हळू हाय आज."

"आलंय, सर. पूर्ण लोड झालंय."

"मग हे पांढरं काय हाय?"

"ती व्हाइट स्पेस आहे, सर. मुद्दाम ठेवलीय."

सरांनी चष्मा काढला. मी नापास झाले होते तेव्हाही त्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. "पोरी, स्पेस म्हंजे अंतराळ. मीच शिकवलंय तुला. तिथं हवाबी नसते. माणूस जगत न्हाई तिथं."

दुसऱ्या दिवसापासून अंतराळात वस्ती सुरू झाली. फोटोंसाठी सरांनी मला अन्वरभाईंकडे नेलं. गंजगोलाईच्या बाजारामागं त्यांचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि सरांचा आजवरचा प्रत्येक बोर्ड त्यांनीच छापला होता. माझं पांढरं पान बघून अन्वरभाई कळवळले. "बेटा, हम फ्लेक्स में इत्ती जगा छोड़े तो गिराईक पूछता, मशीन की शाई खतम हुई क्या?" त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सरांच्या सगळ्या बॅचेसच्या मुलांचे फोटो होते. कुणाच्या खांद्यावर शेजारच्याच्या हाराचा अर्धा तुकडा, कुणाच्या डोक्यामागं नेत्याचा कान. आमच्या एका गुणवंताचा चेहरा शहरातल्या आणखी दोन क्लासेसच्या बोर्डावरही झळकत होता. मी तसं म्हटलं, तर सर म्हणाले, "हुशार पोरगं हाय. सगळीकडं शिकलं असंल."

सरांचा नियम एकच होता. "एकदा वर चढवलेलं लेकरू खाली उतरवायचं न्हाई." त्यामुळे डॉक्टर झालेल्यांच्या शेजारी डिप्लोमावाले आले, त्यांच्या शेजारी भरतीत लागलेले आले आणि एक रेणापूरचा मुलगा आला, त्यानं शेळीपालन सुरू केलं होतं. त्याच्याखाली सरांनी 'पशुवैद्यकीय क्षेत्राशी संलग्न' असं लिहायला लावलं. मग मानपान निघाले. दुकानातून कुणकुण लागून एका मुलीचे वडील फोन करून म्हणाले की तिच्या चुलत भावाचा फोटो आमच्या मुलीच्या वर कसा, आम्ही थोरल्या घरचे. सरांनी मला दोघांना एका ओळीत बसवायला सांगितलं. अन्वरभाईंनी हात टेकले. "सर, अब कित्ते पोट्टे घुसाऊं? जगाच नै है." सर शांतपणे म्हणाले, "सरकवून घ्या जरा. एस.टी.त सरकतंय की न्हाई माणूस?"

मजकूर वरून खाली, डावीकडून उजवीकडे आणि एका ठिकाणी तिरका धावत होता. पण सरांचा खरा जीव जडला तो एका चमकणाऱ्या लाल ताऱ्यावर. त्यात 'नवीन' असं लिहिलेलं असतं आणि तो उघडझाप करतो. मी नमुना म्हणून एकदा दाखवला आणि चूक केली. सरांनी तो नव्या बॅचवर लावला, जुन्या बॅचवर लावला आणि स्वतःच्या फोटोवरही लावला. तो फोटो त्यांच्या लग्नाच्या सुमाराचा असावा.

एका सकाळी सर म्हणाले, "एक लेकरू राहिलंय बघ." आणि त्यांनी खिशातल्या पेनांच्या गर्दीतून माझा प्रवेशाच्या वेळचा पासपोर्ट फोटो काढला. मी म्हटलं, "सर, मी कशी? माझा निकाल तुम्हाला ठाऊक आहे." सर म्हणाले, "निकाल ठाऊक हाय. लेकरूबी ठाऊक हाय. लाव." त्याखाली त्यांनी ओळ सांगितली, 'संगणक क्षेत्रात गरुडझेप'. माझी झेप तेव्हा एका ब्यूटी पार्लरच्या चुकलेल्या नंबरापर्यंतच गेली होती. निकालानंतर घरात माझं नाव कुणी फारसं घेत नव्हतं, आणि इथं ते ताऱ्यासकट उघडझाप करत होतं. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. सर तोवर दुसरीकडं कुठं जागा उरली आहे का, ते बघत होते.

वेबसाइट सुरू झाली आणि उघडेना. इतके फोटो, इतक्या धावत्या ओळी, साध्या मोबाइलला तो भार पेलवत नसे. रेणापूरच्या बाजारातून एका पालकाचा फोन आला, "सर, तुमचं ते उघडायला गेलो आन् फोनच बंद पडला." फोन ठेवून सर अभिमानानं माझ्याकडं वळले. "बघ! एवढं भरलंय की फोनला झेपंना!" फोटो कमी करू, निदान शेळीपालन तरी काढू, म्हणून मी परोपरीनं सांगितलं. "कुणाला काढू, तूच सांग," सर म्हणाले. मी पानाकडं बघितलं. मला एकही नाव सांगता आलं नाही.

जून आला. समोरच्या लिफ्टला रांग लागली. सरांच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे दोन बाक पुढं सरकले, मग आणखी पुढं आले. सर तेवढ्याच जोरात शिकवत होते, चौकटीवर लिहीत होते. पण बॅच भरली नाही. पावसाळा संपायच्या आत त्यांनी हॉल सोडला आणि आपल्या गावी, रेणापूरच्या घरी जायचं ठरवलं. बोर्ड उतरवायला अन्वरभाई स्वतः आले. उतरवलेला फ्लेक्स त्यांनी घडी न घालता गुंडाळला आणि म्हणाले, "घडी करे तो बच्चों के चेहरे टूटते." भिंतीवरची त्यांची गणितं पुसायला घरमालक आला होता. तोही जरा वेळ बादली घेऊन नुसता उभा राहिला.

त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावलं. "आता ते मोकळं कर," म्हणाले. त्यांनी सांगितलं तेवढंच मी पांढऱ्या पानावर लिहिलं. 'क्लासेस बंद आहेत. फिजिक्समध्ये काही अडल्यास कुणीही फोन करावा.' आणि खाली नंबर. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा लावला आणि पूर्वीसारखेच बघत बसले.

"लोड झालं का पूर्ण?"

"झालं, सर."

"चांगलं दिसायलंय," ते म्हणाले. "तू म्हणायचीस ते खरं होतं. डोळ्याला बरं वाटतंय."

मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. ज्या पानासाठी मी त्यांच्याशी भांडले होते, ते पान मला मिळालं होतं आणि मला ते नको होतं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "एका कोपऱ्यात ते चमकणारं ठेव. एकच. न्हाईतर लोकं म्हणतील, बंद पडलंय. आपलं बंद पडलेलं न्हाई, आपण बंद केलंय."

आता मी नांदेडला डिझाइनचा पुढचा कोर्स करते. मागच्या महिन्यात मॅडमनी सांगितलं, सुरुवातीची कामं आणा आणि त्यातून काय शिकलात ते बोला. वर्गातल्या सगळ्यांनी इतकी देखणी कामं आणली की त्यांची सुरुवात कधी झालीच नसावी. मी सरांची दोन्ही पानं नेली. पहिलं भरगच्च पान मॅडमच्या लॅपटॉपवर हळूहळू उमटत गेलं, तसतसा वर्ग हसत गेला. मीही हसले, कारण ते आहेच तसं. मग मी दुसरं पान लावलं. मॅडम खुर्चीतून पुढं झुकल्या. "किती संयम आहे यात! हे खरं डिझाइन. कुठं शिकलीस हे?"

"लातूरला," मी म्हटलं. "आमच्या सरांच्या क्लासला."

"फक्त तो कोपऱ्यातला लाल तारा काढून टाक. सगळी शोभा घालवतोय."

मी ताऱ्याकडं बघितलं. तो आपला उघडझाप करत होता.

"नको, मॅडम," मी म्हटलं. "तो काढला तर लई मोकळं दिसतंय."